तिखट बेताचं, चव पुरेपूर

बँकॉकला जायचं नक्की झालं, सासूबाईही बरोबर येताहेत म्हणालीस, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून पाठवते. फोनवर अर्धं सांगायचं राहून जातं. मी तिथे संसार केला, तिथल्या बायकांच्या हाताखाली स्वयंपाक शिकले, आपल्याकडून येणाऱ्या पाहुण्यांची पानंही वाढली. त्यातून जे हाती लागलं ते आता तुझ्या पदरात घालते.

तिथे गेलेली आपली माणसं बहुतेक दोन टोकांना जातात. काहींना पहिल्या आठवड्यातच चटका बसतो, मग ती फाहुरातच्या भारतीय बाजाराजवळची जेवणं शोधत फिरतात. काही जण पाहुण्यांसाठी बेतलेल्या हॉटेलांतली गोडमिट्ट करी खातात आणि थाई जेवण गोडच असतं असं गावभर सांगतात. खरं थाई जेवण दोघांच्याही वाट्याला आलेलं नसतं. माफक तिखट खाणारी माणसं तिथेही भरपूर आहेत. त्यांच्या घरांतली पोरंबाळं, म्हातारीकोतारी काय रोज डोळ्यांत पाणी आणून जेवतात? त्यांची खायची एक रीत आहे. ती कळली की घशाला त्रास न होता सगळं खाता येतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनावर कोरून ठेव. थाई पदार्थात मिरची कमी केलीस की साखरही कमी करायची. तिथला बहुतेक प्रत्येक पदार्थ आंबट, खारट, गोड आणि तिखट अशा चार चवींच्या ओढाताणीवर उभा असतो. माडाचा किंवा ताडाचा गूळ त्यात घालतात तो मिरचीला आणि लिंबाला आवरायला. मिरची काढून घेतली आणि गूळ तेवढाच राहिला, तर त्या गुळाला काही कामच उरत नाही, तो नुसता वर येतो. पाहुण्यांच्या हॉटेलांतली करी खीर लागते ती यामुळेच. म्हणून मागताना दोन्ही एका दमात सांगायचं: ‘फेत नित नॉय, वान नॉय’, म्हणजे तिखट थोडंसं, गोडही बेताचं. शेवटी तू ‘खा’ लावायचं आणि जावईबापूंनी ‘ख्राप’, ती तिथली अदब आहे. अजिबात तिखट नको असेल तर ‘माय फेत’ म्हणतात, पण ते उगाच वापरू नकोस. ‘माय फेत’ ऐकलं की स्वयंपाकी मिरचीबरोबर हिंमतही काढून घेतो आणि पानात पुळकवणी येतं. घरी करतानाही हाच हिशोब. मिरची निम्मी केलीस तर गूळ निम्म्याहून कमी कर, आणि लिंबू मात्र होतं तेवढंच राहू दे.

दुसरं, ‘तिखट कमी’ हे कुठे सांगायचं आणि कुठे सांगून उपयोग नाही, ते ओळखायला शीक. रस्त्याच्या कडेला काचेच्या कपाटात किंवा स्टीलच्या ट्रेंमध्ये पंधरा-वीस भाज्या-करी मांडलेलं दुकान दिसेल. ते ‘खाओ कॅंग’, म्हणजे भात आणि करीचं दुकान. तिथलं सगळं पहाटे शिजलेलं असतं, मिरची वाटणातच गेलेली असते, ती आता कोणी काढून देऊ शकत नाही. तिथे डोळ्यांनी निवडायचं. वर लाल तेलाचा तवंग आणि बारीक हिरव्या मिरच्या तरंगताना दिसल्या की पुढच्या ट्रेकडे जायचं. अंडं, टोफू, पारदर्शक शेवया, कोबी असलं काही दिसलं की ते घ्यायचं. याउलट जिथे समोर कढई तापते आहे आणि एकेक ताट वेगळं होतं आहे, तिथे मोकळेपणाने सांग. मिरची शेवटी स्वयंपाक्याच्या चिमटीतूनच जाणार असते, आणि सांगितलेलं तो मनापासून ऐकतो.

आता पदार्थ. काही पदार्थ जन्मतःच सौम्य असतात, त्यांच्यापासून सुरुवात कर म्हणजे भांडायचा प्रसंग येत नाही.

सासूबाईंना पहिल्यांदा मासमान दे. त्यांना वास ओळखीचा वाटेल, कारण त्याच्या वाटणात दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, धने, जिरे असं आपल्याच डब्यातलं सगळं आहे. तिथल्या मुसलमानी स्वयंपाकातून, समुद्रावरून आलेल्या मसाल्यांच्या व्यापारातून ही करी घडली. वाळकी लाल मिरची बिया काढून वापरतात, वर नारळाचं दूध, बटाटा, भाजलेले शेंगदाणे आणि चिंच. सावकाश शिजवायची असते आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरते. पनॅंगही असंच घट्ट, शेंगदाण्याचं, अंगाबरोबर रस असलेलं. कॅंग करी म्हणजे हळदीची पिवळी करी, ती तर लहान मुलांनाही चालते. तिच्याबरोबर काकडी आणि छोटे कांदे गोड व्हिनेगरमध्ये घालून देतात, त्याला ‘आजात’ म्हणतात. ती वाटी बाजूला सारू नकोस, प्रत्येक दोन घासांमागे एक चमचा घे. उत्तरेला चिआंग माईला गेलात तर खाओ सोय खा: अंड्याच्या शेवया, नारळाच्या दुधाची करी, वर तळलेल्या कुरकुरीत शेवया. मिरचीचं तेल तिथे बाजूला देतात, बरोबर मोहरीच्या पाल्याचं लोणचं, चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड येते. आधी लिंबू पिळ, मग पाल्याचं लोणचं टाक, मग चव बघ. बहुतेक वेळा तेलाच्या वाटीला हातही लावावा लागत नाही.

सुपांत तोम खा हे माझं सगळ्यात आवडतं. त्यात नारळाचं दूध, कुलंजन आणि गवती चहाचे दांडे असतात. त्याला कोकणातल्या माणसाची जीभ लगेच होकार देते. तोम याम मात्र जपून. त्याचेही दोन प्रकार आहेत, एक निवळ आणि एक दुधाळ. दुधाळ मागायचं असेल तर ‘नाम खोन’ म्हण. त्यात आटवलेलं दूध असतं, त्यामुळे धार बोथट होते. कोलंबीच्या तोम यामला 2024 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच, की वाटीत तरंगणाऱ्या सगळ्याच गोष्टी खायच्या नसतात. कुलंजनाच्या चकत्या, गवती चहाचे तुकडे, लिंबाची पानं वासासाठी आहेत, ती कडेला काढून ठेवायची. आणि मिरच्या चमच्याने दाबायच्या नाहीत. अख्खी मिरची वास देते, ठेचलेली मिरची आग देते. तिथल्या बायका हे जाणूनच कुठे अख्खी टाकायची आणि कुठे सुरीच्या पात्याखाली दाबून टाकायची ते ठरवतात.

ग्रीन करीच्या शांत रंगाला भुलू नकोस. तिच्या वाटणात ओल्या हिरव्या मिरच्या असतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती लाल करीपेक्षा तिखट निघते. दक्षिणेकडचं जेवण, नाखोन सी थम्मारातच्या बाजूचं, हे तर वेगळंच प्रकरण. तिथलं कॅंग लुआंग, खुआ क्लिंग हे पहिल्या वर्षी नको. जीभ बसली की स्वतःहून जाशील, आणि मग त्याच्यासारखं दुसरं काही नाही हेही तुझं तुलाच कळेल.

मिरची ओळखायला शीक, निम्मं काम तिथेच होतं. नखाएवढी लहान, टोकदार ती ‘फ्रिक खी नू’, तीच जाळते. बोटाएवढी लांब, जाडसर लाल-हिरवी ती ‘फ्रिक ची फा’, ती रंगाला आणि वासाला. फिकट पोपटी, जाड सालीची ‘फ्रिक युआक’ म्हणजे आपल्या भजीच्या मिरचीची सख्खी बहीण. मिरची मुळात तिथली नाहीच. पोर्तुगीजांचा दूत 1511 साली अयुथ्थयाला पोचला, त्यानंतरच्या काळात त्यांच्या व्यापारातून ती त्या मुलखात रुजली. आपल्याकडे गोव्याच्या वाटेने ती त्याच लोकांबरोबर आली. त्याआधी तिथे तिखटपणा मिऱ्याचा होता, आणि अजूनही सौम्य पदार्थांत पांढरं मिरंच राबतं. लसणाच्या बारीक पाकळ्या, कोथिंबिरीची मुळं आणि पांढरं मिरं एकत्र कुटून केलेलं वाटण हा त्यांच्या निम्म्या स्वयंपाकाचा पाया आहे, आणि त्यात मिरचीचा कणही नसतो. कोंबडीला चोळ, सुपात घाल, आमलेटात घाल. कोथिंबिरीची जुडी आणलीस की मुळं कापून टाकू नकोस. स्वच्छ धुऊन, कोरडी करून फ्रीजरमध्ये टाक. आपण जे केरात टाकतो, त्याचीच ते लोक चटणी करतात.

आता सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, कारण तू पपई म्हटल्यावर वेडी होणार हे मला माहीत आहे. आमच्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी एक बाई गाडी लावायच्या. सगळी गल्ली त्यांना ‘पा’ म्हणायची, म्हणजे मावशीच. त्यांच्यापुढे मातीची खोल उखळी आणि लाकडी मुसळ. उजव्या हाताने मुसळ चालायचं आणि डाव्या हातातला मोठा चमचा खालून वर सारखं परतत राहायचा. आधी लसूण आणि मिरची कुटायची. मग चवळीच्या शेंगांचे तुकडे नुसते चेचायचे, टोमॅटो फोडायचे. मग गूळ, मग नाम प्ला, म्हणजे माशाचा खारट सॉस, मग लिंबू. पपईचा कीस सगळ्यात शेवटी, आणि तो कुटायचा नाही, रस आत शिरेल एवढाच दाबायचा. चमच्याच्या टोकावर थोडंसं घेऊन त्या गिऱ्हाइकाला चव दाखवायच्या आणि जे म्हणेल ते पुन्हा त्यात घालायच्या. हा पदार्थ समोरच्याच्या जिभेप्रमाणे करायचा असतो, म्हणून तिथे मिरच्या मोजून सांगतात. ‘फ्रिक मेत दियाव’ म्हणजे एक मिरची. तू तेवढंच सांग. शून्य सांगू नकोस, त्याची दोन कारणं आहेत. एक तर त्या उखळीत तुझ्या आधी दहा मिरच्यांचं सोम तम होऊन गेलेलं असतं, थोडं तिखट मुसळाला चिकटलेलं असतंच. दुसरं, एक मिरची नसेल तर लिंबाला जोर येत नाही. शेंगदाणे आणि सुकवलेली कोलंबी घातलेलं ते ‘सोम तम थाई’, सुरुवात त्याने करायची. खारवलेले खेकडे आणि मुरवलेल्या माशाचं पाणी घातलेलं ईशान्येकडच्या इसान भागातलं सोम तम नंतर कधीतरी. बरोबर चिकट भात मागव. चिमटीने त्याचा गोळा करून कोशिंबिरीच्या रसात बुडवून खायचा, तिखट आपोआप मऊ पडतं.

कप्रावचंही सांगते. पॅड कप्राव म्हणजे खिमा, लसूण, मिरची आणि मूठभर तुळस. तुळस अगदी आपल्या वृंदावनातली, जात तीच. सासूबाईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर कढईत तुळस बघून त्या दचकतील. हा पदार्थ मुळात तिखट आहे, पण करायची रीत अशी की मिरची लसणाबरोबर ऐन वेळी कुटून तेलात जाते, त्यामुळे तो हवा तेवढा खाली आणता येतो. ‘फेत नित नॉय’ सांग आणि वर ‘खाय दाव’, म्हणजे तळलेलं अंडं, घे. बलक कच्चाच हवा. तो फोडून भातात कालवलास की मिरचीची धार जाते. बाजारात दुसरी एक तुळस येते, जांभळ्या दांड्याची, बडीशेपेच्या वासाची. तिला ‘होराफा’ म्हणतात, ती आपल्या सब्जाच्या कुळातली आहे. करीत ती घालायची, कप्रावमध्ये नाही. दोन्हीची अदलाबदल केलीस तर पदार्थ बिघडणार नाही, पण तो तो राहणार नाही.

पॅड थाईची काळजीच नको. 1930-40च्या दशकांत पंतप्रधान फिबुन सोंगख्रामच्या सरकारने त्याचा देशभर प्रसार केला, आणि तो घडलाच सगळ्यांना चालेल असा. चिंच, गूळ, नाम प्ला, अंडं, मोड आलेले मूग, शेंगदाणे. तिखट आपल्या हाताने घालायचं असतं, आणि इथे टेबलावरच्या त्या चार वाट्या कामाला येतात. शेवयांच्या प्रत्येक दुकानात त्या असतातच: भाजलेल्या मिरचीची पूड, मिरच्या घातलेलं नाम प्ला, मिरचीच्या चकत्या घातलेलं व्हिनेगर आणि साखर. आपल्याला हवी ती व्हिनेगरची वाटी. तिच्यात बहुतेक मोठ्या, सौम्य मिरच्या असतात. चकत्या न घेता नुसतं पाणी दोन चमचे घाल. तोंडाला चव येते आणि कान तापत नाहीत. मिरचीपूड घ्यायचीच झाली तर ताटाच्या कडेला घे आणि एकेका घासाला लाव. एकदा सगळ्यात कालवलीस की मागे फिरायला वाट नाही.

आता जे सांगते ते हॉटेलात बसून कळत नाही, कोणाच्या घरी जेवायला गेलं की कळतं. थाई माणसं एक पदार्थ खाऊन उठत नाहीत. मध्ये चार-पाच वाडगे मांडतात, प्रत्येकाच्या पुढे भात, आणि सगळे सगळ्यांतून थोडं थोडं घेतात. त्या मांडणीला ‘समराप’ म्हणतात. त्यात एक करी तिखट असली की दुसरं काहीतरी मुद्दाम अळणी ठेवलेलं असतं. ‘कॅंग च्यूत’ नावाचं निवळ सूप, टोफू, कोबी आणि पारदर्शक शेवयांचं, ते त्यासाठीच. तळलेलं फुगीर आमलेट, ‘खाय चियाव’, तेही त्यासाठीच. कच्च्या काकडीच्या फोडी, कोबीचे तुकडे, चवळीच्या शेंगा हे सजावट नाही, तो जेवणाचा भाग आहे. आपल्या पानात डावी-उजवी बाजू असते, मिरचीच्या ठेच्यापासून साध्या वरणापर्यंत सगळं एकाच वेळी वाढलेलं असतं, तसाच विचार आहे तो. म्हणून तिघं-चौघं जेवायला बसलात की प्रत्येकाने आपापली ताटली मागवू नका. एक करी, एक कॅंग च्यूत, एक आमलेट, एक पाल्याची भाजी आणि भरपूर भात. तिखट करी दोन चमचे भातावर घ्यायची, संपली की पुन्हा दोन चमचे. वाडगाभर रस भातावर ओतून कालवायची आपली सवय तिथे उपयोगाची नाही. त्यांच्या करीचा जोर दोन चमच्यांच्या हिशोबाने ठरलेला असतो, आणि आपण वाटीच्या हिशोबाने खातो म्हणून पोळतो. माझं सगळं लिहिणं विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस.

तरीही एखाद्या दिवशी चटका बसेलच. तेव्हा पाणी पिऊ नकोस. मिरचीतला जो जाळणारा अंश असतो तो पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतो. तो तेलात, सायीत विरघळतो, आणि दुधातलं प्रथिन त्याला जिभेवरून उचलून नेतं. म्हणून दुधाचा थंड थाई चहा घे, नाहीतर कोरडा भात चावून खा, किंवा साखर चिमूटभर जिभेवर ठेव. काकडी असेल तर काकडी. थंड पाणी मागायचंच असेल तर त्याऐवजी ‘नाम मातुम’ मागव. ते वाळवलेल्या बेलफळाच्या चकत्या उकळून केलेलं असतं, आपलंच बेलफळ. अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबतही मिळतं, ते सासूबाईंना आवडेल.

सासूबाईंच्या चातुर्मासाचं विचारलं होतंस. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेलं दुकान शोध. ते ‘जे’ जेवणाचं चिन्ह. त्यात मांस-मासे, अंडी तर नाहीतच, पण कांदा-लसूणही नसतं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस हा उत्सव चालतो, फुकेतमध्ये सगळ्यात मोठा, आणि बहुतेक वेळा तो आपल्या नवरात्राच्या आसपास येतो. त्या दिवसांत सगळं शहर शाकाहारी वाटावं इतक्या पताका लागतात. एरवी साध्या दुकानात मात्र ‘भाजीची करी’ म्हणून मिळेल तीही खात्रीने शाकाहारी नसते. वाटणात ‘कपी’ म्हणजे कोलंबीचा खारवलेला गोळा असतो आणि वरून नाम प्ला. ते नंतर काढता येत नाही. घरी करशील तेव्हा कपीऐवजी मुरवलेल्या सोयाबीनची पेस्ट वापर आणि नाम प्लाऐवजी हलका सोया सॉस. तुमच्या दोघांसाठी करताना कपी मिळाली नाही तर आपले भाजलेले सोडे किंवा जवळा कुटून घाल, वास अगदी जवळ जातो.

आणि आता घरचा स्वयंपाक, यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माफक तिखट खरं हातात येतं ते घरीच.

लाल वाटण असं कर. आठ-दहा ब्याडगी मिरच्या जाताना इथूनच घेऊन जा. रंग देते, वास देते आणि जाळत नाही. देठ काढ, उभ्या चिरून बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा खरवडून टाक. जाळ त्या शिरांतच जास्त असतो, बियांना तो त्यांच्याकडूनच लागतो. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजव, मग पिळून घे. त्यात तिथली एकच तिखट वाळकी मिरची टाक, वासापुरती. खलबत्त्यात आधी मीठ आणि मिरची, कारण मिठाच्या खड्यांनी साल फाटते. मग कुलंजनाच्या पाच-सहा पातळ चकत्या, गवती चहाचे दोन दांडे, कोथिंबिरीची चार मुळं. हे चिवट असतं, आधीच बारीक चिरून घे. मग सांबारात घालतात ते पाच-सहा छोटे कांदे आणि आठ पाकळ्या लसूण. शेवटी भाजलेले धने, जिरे आणि पांढरं मिरं यांची पूड, आणि चमचाभर कपी. मिक्सरला लावायचं तर पाण्याऐवजी चमचाभर नारळाचं दाट दूध घाल. पाणी घातलंस की वाटण तेलात परतत नाही, उकडतं.

गवती चहाचं एक लक्षात ठेव. आपण चहात टाकतो ती पाती, ते वापरतात तो खालचा पांढरट, कांद्यासारखा दांडा. झाड तेच. पुण्यात परत आलीस की कुंडीतला गवती चहा पातीवरून कापू नकोस, मुळाशी वाकवून ओढ. कुलंजन इथे काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेलं मिळतं, पण ते कडक असतं, भिजवून वापरावं लागतं. आलं त्याच्या जागी चालतं असं लोक म्हणतात. मी म्हणते चालत नाही. आल्याने वेगळाच पदार्थ होतो, तो चांगला होतो, पण वेगळा. लिंबाची जोडपानं, मकरूट नावाच्या खडबडीत लिंबाची, ती फ्रीजरमध्ये महिनोन्महिने टिकतात, येताना पिशवीभर आण.

नारळाच्या दुधाबद्दल आपलं कोकणी शहाणपण इथे उलटं वापरायचं. आपण दाट दूध शेवटी घालतो आणि उकळी फुटू देत नाही, फाटेल म्हणून. ते लोक दाट दूध आधी कढईत ओततात आणि मुद्दाम फाटू देतात. मध्यम आचेवर सारखं ढवळत राहा. आधी फेस येईल, मग ते घट्ट होत जाईल, बुडबुड्यांचा आवाज बदलेल, आणि कडेने निवळ तेल सुटायला लागेल. त्या तेलात वाटण टाक आणि पाच-सात मिनिटं परत, नाकाला झोंबणारा वास जाऊन गोडसर वास येईपर्यंत. घाई केलीस तर मिरची कच्ची राहते आणि घशात टोचते. नीट परतलेली तेवढीच मिरची जिभेवर सगळीकडे सारखी पसरते, टोचत नाही. डब्यातलं दूध पुष्कळदा फाटतच नाही, त्यात दूध एकजीव ठेवणारे पदार्थ घातलेले असतात. तेव्हा चमचाभर खोबरेल तेल घाल आणि पुढे जा. मग कोंबडी किंवा भाजी, मग पातळ दूध, आणि ते शिजल्यावर नाम प्ला आणि गूळ. आधी नाम प्ला, चव बघ, मग गूळ अगदी बोटाच्या पेरापेक्षा कमी. होराफाची पानं गॅस बंद केल्यावर.

घरात तिघांच्या तीन जिभा असतील तर करी सगळ्यात सौम्य जिभेची कर, आणि तिखट टेबलावर वेगळं ठेव. चार लहान मिरच्या गोल चिरून वाटीभर नाम प्लात टाक, एक लसणाची पाकळी कापून, अर्धं लिंबू पिळून. याला ‘फ्रिक नाम प्ला’ म्हणतात, ते प्रत्येक घरात असतं. जावईबापूंना तिखट हवं असेल तर त्यांनी ते चमच्याने भातावर घ्यावं. कढईत वाढवलेलं तिखट सगळ्यांना खावं लागतं.

बाजारासाठी चातुचाकजवळचं ओर तोर कोर चांगलं आहे, स्वच्छ आणि महाग. रोजच्याला ख्लोंग तोय. दोन्हीकडे वाटण विकणाऱ्या बायका दिसतील, मोठ्या घमेल्यांत लाल, हिरव्या, पिवळ्या वाटणांचे डोंगर रचून बसलेल्या. कोणती करी करायची ते सांगितलंस की वाटणाबरोबर लागणारी पानं, छोटी वांगी, सगळं एका पिशवीत घालून देतात. वजन ‘खीत’मध्ये सांगायचं, एक खीत म्हणजे 100 ग्रॅम. चौघांच्या करीला बाजारचं वाटण अर्धा खीतही पुष्कळ होतं, आणि ते तिखट असतं. म्हणून त्यातला निम्माच वापर आणि उरलेली जागा घरच्या ब्याडगीच्या वाटणाने भर. कपी आणि मीठ बाजारच्या वाटणात आधीच असतं, तेव्हा नाम प्ला घालायच्या आधी चव बघ. राहिलेलं वाटण काचेच्या बाटलीत दाबून भर, वर तेलाचा पातळ थर दे आणि फ्रीजमध्ये ठेव. आठवड्याच्या वर ठेवायचं असेल तर चमच्याचमच्याने बर्फाच्या ट्रेमध्ये गोठव, म्हणजे लागेल तेवढीच वडी काढता येते.